पहिल्या दाण्याचा मान

सकाळी खुराड्याची फळी सरकवली की आये, माझी सासू, हातातलं काम टाकून तिथंच उभी राहते. शेवटची कोंबडी बाहेर पडेपर्यंत हलत नाही. लग्नानंतर बरीच वर्षं मी मुंबईतच होते. २०२० साली आम्ही चंबूगबाळं आवरून वेळणेश्वरला आलो, तेव्हा मला वाटायचं, म्हातारं माणूस आहे, घटकाभर उभं राहतंय. ती काय बघते हे कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

आधी काळी येते. उंबऱ्यावर थांबून मान वाकडी करते, एका डोळ्याने आभाळ बघते, घार नाही अशी खात्री झाली की उतरते. मग तांबडी. मग दोघी पिवळ्या, त्यांच्यामागे बोडकी आणि सगळ्यांच्या शेवटी कवडी. अंगावर कवड्यांसारखे पांढरे ठिपके, म्हणून कवडी. आये मूठभर कण्या टाकते. पहिला दाणा काळी टिपते, तोवर बाकीच्या पाय रोवून उभ्या असतात. कवडी तर सगळ्यांच्या मागे, चिऱ्याच्या गडग्याला पाठ लावून. तिच्या वाट्याला कडेला उडालेले दाणे. एकदा मी तिच्यासाठी वेगळी मूठ टाकली तर काळी धावत आली, कवडी बाजूला झाली आणि माझी दया काळीच्या पोटात गेली.

"त्यांच्यात तू पडू नको गो," आये म्हणाली. "मान हाय तो तिचा."

मान हा शब्द मी तेव्हा नुसता ऐकला.

आमचं मागचं दार उघडलं की आगर. पोफळी, माड, दोन जायफळी, पाटाचं पाणी, आणि आगर संपलं की वाळू. अमावस्या-पुनवेला भरतीची गाज खुराड्यापर्यंत येते. वेळा म्हणजे समुद्राचा काठ, भरतीची रेघ. त्या रेघेवरचा ईश्वर तो वेळणेश्वर, असं गावातली जाणती माणसं सांगतात. उन्हाळाभर कोंबड्यांना हे सगळं आगर मोकळं असतं. पालापाचोळा उकरायचा, वाळवी टिपायची, दुपारी माडाच्या बुंध्याशी राखेच्या खळग्यात लोळायचं. सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. तांबूस मानेचा, शेपटीला हिरवी झाक असलेला. काही सापडलं की तो खात नसे. टुक टुक टुक करून दाणा उचलायचा, टाकायचा, परत उचलायचा आणि बायका आल्या की मागे सरायचा. दोन कोंबड्यांची जुंपली तर मधे जाऊन नुसता उभा राहायचा. तेवढ्याने मिटायचं.

मे महिन्यात चाकरमानी आले आणि राखण द्यायचं ठरलं. गावाची राखण करणाऱ्या राखणदाराला कोंबडा द्यायचा, ते देणं दोन वर्षं राहिलं होतं. घरचा कोंबडा होताच. कुणाला विचार करावासा वाटला नाही, मलाही नाही. त्या दुपारी वडे तळताना कोंबड्या कुठे आहेत याकडे माझं लक्षसुद्धा नव्हतं.

त्याच आठवड्यात दारावर टेंपो आला, कोवळ्या तलंगा घेऊन. गावठीसारख्या रंगाच्या, पण अंडी जास्त देणाऱ्या, असं तो विकणारा म्हणाला. मी पाच घेतल्या. मुंगसाने एप्रिलमध्ये एक पिल्लू नेलं होतं, म्हणून खुराड्यात पांढऱ्या उजेडाचा बल्ब लावला आणि रात्रभर चालू ठेवायला लागले. मग मृग लागला आणि पावसाने आठ दिवस डोळा उघडला नाही. कोंबड्या भिजतील, खोकतील, मानमोडी येईल, या भीतीने मी फळी लावूनच ठेवली. सहांसाठी बांधलेल्या खुराड्यात अकरा कोंबड्या, ओली जमीन, दिवसा अंधुक आणि रात्री लख्ख.

यातली प्रत्येक गोष्ट मी त्यांच्या भल्यासाठी केली होती.

नवव्या दिवशी सकाळी फळी सरकवली आणि कोणी बाहेर आलं नाही. आत पंखांची फडफड ऐकू येत होती. वाकून पाहिलं तर पाचातली एक फिकी तलंग कोपऱ्यात डोकं खुपसून बसली होती, आणि तिच्या पाठीवर कवडी उभी होती. तीच कवडी. मानेची पिसं फुलवलेली, डोळा गोल झालेला. ती टोच मारत होती, थांबत होती, आणि पुन्हा नेमक्या त्याच जागी मारत होती. शेपटीच्या मुळाशी, जिथून कोंबडी चोचीने तेल घेऊन पिसांना लावते, तिथलं एक पीस उरलं नव्हतं. कातडी फाटली होती, आतलं मांस ओलं, लाल दिसत होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाकीच्याही जवळ सरकत होत्या. काळी, तांबडी, एवढंच काय त्या फिकीबरोबर टेंपोतून आलेल्या तिच्या बहिणीसुद्धा. रक्त दिसलं की प्रत्येक जण एकेक टोच मारून बघत होती.

मी कवडीला खसकन ओढलं. तिने माझ्या मनगटावर चोच मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

घरात आम्ही सगळे हादरलो होतो. वाईट कोंबडी वाईट वागली असती तर इतकं लागलं नसतं. जी कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, तिने हे करावं? ह्यांनी सांगून टाकलं, मारकी झाली, तिला चव लागली, रविवारी तिचा रस्सा करू. मलाही ते पटलं, हे मी लपवणार नाही. एकदा दोषी ठरवलं की मन किती लवकर हलकं होतं.

आयेने फिकीला पदरात घेतलं होतं. खोबरेल तेलात हळद कालवून ती बोटाने जखमेवर लावत होती. फिकी चोच उघडी टाकून धापा टाकत होती, पण ओरडत नव्हती. जनावर फार घाबरलं की ओरडत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. वरून आयेने चुलीतलं काजळ लावलं. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाली, "लाल दिसता नये." गुहागरहून आणलेलं निळं औषध आम्ही नंतर लावलं, त्याचाही एक उपयोग हाच. कोंबडीला तांबडा रंग फार ओढतो. जखम बरी व्हायच्या आधी ती झाकली गेली पाहिजे.

मग आयेने मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. कोंबडा गेला कधी? पोरी आणल्यास कधी? रात्री आत सोडल्यास की दिवसा? आठ दिवसांत त्यांच्या पोटात काय गेलं? बत्ती कोणी लावली? उत्तरं देता देता माझा आवाज बारीक होत गेला. ती मला रागावली नाही. कवडीकडे बघून म्हणाली, "हिला मारून काय? उद्या दुसरी उठंल."

कवडीचं जे झालं ते मी पुढे खूप दिवस मनात घोळवलं. ती सहांत शेवटची होती. चौघींच्या चोची तिने वर्षानुवर्षं खाल्ल्या, पाचवी काळी. तिच्या खाली कोणीच नव्हतं. आणि एक दिवस तिच्या खाली पाच जणी आल्या, कोवळ्या, अनोळखी, जाऊन जाऊन जाणार कुठे अशा. मला सासुरवास झालेल्या बायका आठवल्या. सासू झाल्यावर त्यांनी काय केलं तेही आठवलं. कोंबडीला माणूस करण्याची ही चूक असेल, पण त्या खुराड्यापुढे उभं राहून दुसरं काही सुचणं कठीण होतं.

कोंबड्यांमधला हा क्रम टिपून ठेवणारा नॉर्वेत थॉरलाइफ शेल्डरुप-एब्बे नावाचा एक मुलगा होता. जन्म १८९४चा. सहा-सात वर्षांचा असल्यापासून तो कोंबड्यांचा कळप बघत बसायचा, आणि पुढे त्याने कोण कोणाला टोचतं याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. १९२० नंतरच्या एक-दोन वर्षांत त्याने हे शास्त्रापुढे मांडलं की कळपात प्रत्येकीची जागा ठरलेली असते. वरची खालचीला टोचते, खालची उलटून टोचत नाही. जगभर आज माणसांच्या कचेऱ्यांबद्दल बोलतानाही जो टोचण्याचा क्रम म्हणतात, तो शब्द या पोराच्या कोंबड्यांपासून आलेला आहे. क्रम नेहमी सरळ शिडीसारखा नसतो हेही त्याला दिसलं होतं. कधी पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीला. पुढे मात्र तो फार लांब गेला. जुलूम हाच सगळ्या सृष्टीचा पाया आहे, असं त्याला वाटू लागलं.

त्याने इतक्या निगुतीने पाहिलं त्याबद्दल मला त्याचं प्रेम वाटतं. पण त्याच्या शेवटच्या म्हणण्यापेक्षा मला आयेचा शब्द खरा वाटतो. तो जुलूम म्हणतो तिथे ती मान म्हणते.

कोकणातल्या माणसाला मान म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. शिमग्यात पालखी निघते तेव्हा पहिला खांदा कोणाचा, पालखी आधी कोणाच्या दारी बसायची, पहिला नारळ कोणाचा, हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं असतं. बाहेरून आलेल्याला त्यात नुसता उच्चनीचपणा दिसतो, आणि तो त्यात आहेच, मी नाकारत नाही. मान ज्याच्या वाट्याला कधी आला नाही त्याला विचारलं तर तो वेगळी गोष्ट सांगेल. पण एखाद्या मानकऱ्याचं घर बंद पडतं, मुंबईला जाऊन परत येत नाही, आणि त्याचा खांदा कोणी द्यायचा हे ठरत नाही, त्या वर्षी काय होतं तेही आम्ही पाहिलेलं आहे. वर्षभर एकमेकांना भाताचं रोप देणारी माणसं त्या दिवशी एकमेकांच्या अंगावर धावतात. पालखी दोन दोन वर्षं देवळाबाहेर पडत नाही.

आमच्या खुराड्यातलंही मानकऱ्याचं घर आम्हीच बंद केलं होतं.

आणि दुसरी गोष्ट जागेची. क्रम ठरलेला असतो तेव्हा चोच मारण्याची गरज फार क्वचित पडते. काळी नुसती मान उंचावते, कवडी बाजूला होते, संपलं. हरलेलीने तोंड फिरवून चार पावलं लांब गेलं की जिंकलेलीचा राग उतरतो. पण त्या चार पावलांना जागा लागते. भिंतीशी आलेली फिकी हरले, हरले म्हणत डोकं कोपऱ्यात खुपसत होती, आणि लांब मात्र जाऊ शकत नव्हती. कवडीच्या डोळ्यांना ती समोर उभीच दिसत होती.

सड्यापलीकडच्या रानातून पहाटे कधी कधी रानकोंबड्याची हाक येते. आपल्या कोंबड्यासारखी लांबवलेली नसते, तुटक असते, मधेच ठेचकाळल्यासारखी. हा आपल्या सह्याद्रीतला करडा रानकोंबडा. पाळीव कोंबडीचा मूळपुरुष तांबडा रानकोंबडा, पण तिच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग या करड्याकडून आला आहे, असं २००८ साली शास्त्रज्ञांना आढळलं. कवडीचे पाय हळदीसारखे पिवळे आहेत. त्या रानातलं काहीतरी तिच्या अंगात अजून चालतं आहे. रानात चार माद्यांना अख्खं जंगल असतं, भांडण झालं तर करवंदीची जाळी असते. आपण तिला घराशी आणलं, तेव्हा तिची जाळी तिच्याबरोबर आणली नाही.

अंड्यांच्या मोठ्या शेडमधल्या पिंजऱ्यांत एकेका कोंबडीला फुलस्केप कागदाएवढीही जागा नसते. तिथेही त्या एकमेकींना टोचतात, म्हणून पिल्लू लहान असतानाच चोचीचं टोक तापल्या पात्याने कापतात. चोचीत मज्जातंतू असतात, तिला जाणवतं, दुखतं. चोच ही कोंबडीची बोटं आहेत. टोचणं थांबवायचं म्हणून बोटं कापायची, ही गोष्ट मला आता अंडं फोडताना आठवते. पूर्वी आठवत नव्हती.

आयेने पुढच्या पंधरा दिवसांत जे केलं त्यात काही जादू नव्हती. कवडीला तिने डालग्याखाली ठेवलं, पण खुराड्यासमोरच, सगळ्यांना दिसेल अशी. तीन दिवस. फिकीला पडवीत दुसऱ्या डालग्यात. बल्ब काढला. "रातीला रात असू दे," म्हणाली, आणि मुंगसासाठी फळीला आतून दुसरा आडणा बसवून घेतला. लख्ख उजेडात कोंबडी निजत नाही, आणि न निजलेली कोंबडी चिडते. गोठ्याची अर्धी पडवी बांबूच्या कामट्यांनी अडवून त्यांना दिली, वर पत्रा होताच. त्यात मोडकं दार आडवं टेकवलं, जुनी डालपाटी पालथी घातली, एक माडाचा ओंडका टाकला. मला वाटलं जागा अडतेय. पण दुसऱ्याच दिवशी एक पिवळी दुसरीवर धावून गेली, दुसरी दाराच्या मागे गेली, आणि दिसेनाशी झाल्याबरोबर पहिली जमीन उकरायला लागली. जाळी परत आली होती.

कण्या दोन जागी पडायला लागल्या, मग तीन. शेवग्याचा पाला जुडी बांधून कोंबड्यांच्या मानेच्या जरा वर टांगला, म्हणजे उड्या मारून तोडावा लागे, चोचीला काम. आणि कण्यांत जवळ्याचा चुरा. पावसात बंद असलेल्या कोंबडीला किडा-मुंगी मिळत नाही, नुसत्या तांदळावर तिचं भागत नाही. पीस हे जवळजवळ सगळं प्रथिनाचंच असतं, म्हणून अंगात ते कमी पडलं की ती दुसरीचं पीस उपटून खाते. हे मला दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. आयेने तेच, "पोट खायाला उठलंय त्यांचं," अशा शब्दांत आधी सांगितलं होतं. पावसाने उघडीप दिली की मी किनाऱ्यावर जाऊन शिंपल्या वेचून आणायचे. भाजून, कुटून त्यांना घालायच्या. भरतीच्या रेघेवर ओणवं होऊन शिंपल्या वेचताना मागून देवळातली घंटा ऐकू यायची आणि मला एकदम रडू यायचं. कोणासाठी, ते सांगता येत नाही. त्या तलंगेसाठी असेल, किंवा मे महिन्यातल्या त्या दुपारसाठी.

चौथ्या रात्री काळोखात आयेने कवडीला परत आत ठेवलं. काळोखातच ठेवायचं. सकाळी सगळ्या एकत्र उठतात, कोण नवीन आलं हे भांडण उजेडात सुरू होण्याआधीच अर्धं निवलेलं असतं. फिकीची कातडी धरायला दोन आठवडे लागले, बारीक पिसं फुटायला आणखी तीन. तिलाही रात्रीच सोडलं. पहिले दोन दिवस कवडीने तिला एकेक टोच मारली, डोक्यावर, साधी, मान सांगणारी. रक्त आलं नाही. मी पुढे जायला निघाले तर आयेने हात धरला.

श्रावणात आये माहेरी पालशेतला गेली आणि येताना पिशवीतून एक कोवळा कोंबडा घेऊन आली. तुरा नुकता धरलेला, आवाज फुटलेला नाही. काळीने त्याला महिनाभर जवळ येऊ दिलं नाही. तो कण्या संपल्यावर यायचा. नवरात्राच्या सुमारास एका सकाळी तो आरवला, अर्धवट, घशात अडकल्यासारखा, आणि त्याच दिवशी दुपारी मी त्याला टुक टुक करताना पाहिलं. चोचीत गांडूळ होतं. त्याने ते खाली टाकलं आणि मागे सरला. पहिली धावली ती काळी. तिच्या मागे बाकीच्या. कवडी शेवटून दुसरी होती आता, तिच्या मागे फिकी.

फिकी आजही शेवटचीच आहे. मला ते आवडतं असं नाही. तिच्याकडे बघितलं की अजून वाटतं, हिच्यासाठी वेगळी मूठ टाकावी. पण तिच्या पाठीवरची पिसं आता पूर्ण भरली आहेत, अंडी देते, आणि दुपारी राखेच्या खळग्यात लोळताना तिच्या शेजारी जी पंख पसरून पडलेली असते ती कवडी.

मीही आता सकाळी आयेच्या शेजारी उभी राहते. काळी, तांबडी, पिवळ्या, बोडकी. क्रमात एखादी पुढेमागे झाली तर आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो. मग कोणाचं पोट भरलं नाही, कोण आजारी आहे, कोण खुडूक होतेय, कुठे लाल उवा झाल्यात, ते शोधायला लागतो. रक्त येण्याच्या किती आधी हे सगळं दिसत असतं.

यंदाच्या मे महिन्यात राखणीची वेळ आली तेव्हा दिरांनी गडग्यावर उभ्या असलेल्या आमच्या कोंबड्याकडे बोट केलं. आये नको म्हणाली. पैसे देऊन खालच्या वाडीतून कोंबडा आणायचं ठरलं. ह्यांच्याबरोबर ती स्वतः गेली, आणि कोंबडा हातात घेण्याआधी त्या घरच्या बाईला तिने विचारलं, "तुज्याकडं दुसरा हाय ना गो?"

दुसरा होता. मगच घेतला.